शाळेची आगोट : शृंगारतळीतलं एक दुकान, दीड महिना पावसात वापरून

दप्तर विकत घेण्याआधी त्याच्यावर मगभर पाणी ओतू देणारा दुकानदार मी आजवर एकच पाहिला. पायरीशी निळी बादली, बादलीत मग. "ओता वहिनी. इथं गळलं तर माझं, घरी गळलं तर तुमचं." मी ओतलं. दप्तराच्या आत काकांनी आधीच वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवला होता. तो बाहेर काढून उजेडात धरला, तर एका कोपऱ्यात बशीएवढा ओला डाग. काकांनी ते दप्तर पुन्हा दोरीला टांगलं नाही. गल्ल्यामागे टाकलं आणि दुसरं काढलं. दुकान मला तिथंच आवडलं. पुढे काही बाबतींत आवडलं नाही, तेही सांगते.

दुकान गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीच्या बाजारपेठेत आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या मे महिन्यात मलाच आत उभं राहायला जागा मिळायची नाही, आणि थोडी कागाळीही करायची आहे, ती नाव घेऊन करणं बरं दिसत नाही.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको, आणि मे-जूनमध्ये वाडीतल्या पोरांचे गणवेश. त्यामुळे शिवलेली वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून टीप बघायची खोड आहे. रेडिमेड कपड्यांबद्दल मी जे लिहीन ते सवतीनं सवतीबद्दल बोलल्यासारखं धरा. घरात शाळेत जाणारी तीन: मोठी सहावीत, धाकटा दुसरीत आणि पुतण्या नववीत. दीर-जाऊ मुंबईला, जागा लहान, म्हणून पोरगा आमच्याकडे. धाकट्याची जिल्हा परिषदेची शाळा वाडीपासून वीस मिनिटांवर, मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा, आणि त्याच्यावर साकव, म्हणजे लहानसा पूल. मोठी आणि पुतण्या एसटीनं हायस्कूलला जातात.

हे सगळं सांगायचं कारण असं की घाटावर शाळेची खरेदी म्हणजे वह्या-पुस्तकं. आमच्याकडे ती आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीचा, भाग असते. लाकडं माळ्यावर चढवायची, मीठ, कुळीथ, आमसुलं, सुके बांगडे नि सोडे डब्यात भरायचे, पडवीला झापाची झड बांधायची, आणि त्याच यादीत तीन दप्तरं, तीन रेनकोट, छत्र्या. मिरग निघतो ७-८ जूनला, शाळा उघडते जूनच्या मध्यावर. म्हणजे पोरगं नव्या इयत्तेत पाऊल टाकतं तेच चिखलात. इथं वस्तू चांगली की वाईट हे पाणीच ठरवतं, रंग आणि कार्टून नाही.

गेल्या वर्षी मी फसले. जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ म्हणून बसले होते आणि पाऊस २४ मेला केरळात नि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत येऊन थडकला. बाजारात गेले तेव्हा माझ्याआधी अख्खा तालुका जाऊन आला होता. राहिलेल्या मालातलं दप्तर घेतलं, ते गणपतीपर्यंत टिकलं नाही. म्हणून यंदा मेच्या दुसऱ्याच आठवड्यात गेले. सोबत सासूबाई. हे आंब्याच्या पेट्यांत गुंतलेले, यांच्याकडून फक्त पैसे मिळाले.

तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात या दुकानात शाळेचं काहीच नव्हतं. हे दुकान वर्षातून तीनदा कात टाकतं. मे महिन्यात आहेराची साड्या-टॉवेल-टोपी, जूनमध्ये दप्तरं, आणि श्रावण लागला की मखराचं सामान नि झुरमुळ्या. यंदा तर १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागणार होता, म्हणजे लग्नं सगळी त्याच्या आत उरकायची घाई. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, नवरीच्या मावश्यांनी काउंटर अडवलेला. मी शाळेचं विचारल्यावर काकांच्या मुलानं मान हलवली. "ताई, दहा दिवसांनी या, माल बांधलेला आहे." काका मात्र उठले, शिडी लावून माळ्यावर चढले आणि तिथून एकेक दप्तर खाली टाकत गेले. सत्तरीचा माणूस. सासूबाई खालून ओरडतायत, "अहो पडाल, पडाल," आणि वरून दप्तरांचा पाऊस. बादलीची परीक्षा त्यानंतरची.

दप्तराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे तिथंच जास्त जातात नि फसवणूकही तिथंच होते.

दुकानात तीन प्रकारची होती. स्वस्तातली साडेतीनशेच्या आसपास, मधली साडेसहाशे, आणि वरची हजाराच्या पुढे, ज्यांचा तळ कडक असतो आणि पाठीला स्पंजच्या गाद्या. धाकट्याला अर्थातच वरचं हवं होतं, त्यावर मोटार होती. मी ते शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. रिकामं दप्तर एक किलो शंभर ग्रॅम. आता केंद्र सरकारचं २०२० चं दप्तर धोरण आहे, त्यात पहिली-दुसरीच्या मुलाचं भरलेलं दप्तर १.६ ते २.२ किलो असावं असं म्हटलंय, सहावी-सातवीचं २ ते ३ किलो. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर ओझं जाऊ नये असा एकूण हिशेब. म्हणजे मोटारवाल्या दप्तरानं निम्मा कोटा रिकामेपणीच खाल्ला. त्यात पाण्याची बाटली, आणि आमच्याकडे ओला रेनकोट परतीच्या वाटेवर दप्तरातच कोंबला जातो, त्याचं वजन कुठल्याच धोरणात नाही. साडेसहाशेचं दप्तर काट्यावर ठेवलं तर सातशे ग्रॅमला थोडं कमी. ते घेतलं. धाकटा मोटारीसाठी दुकानाच्या पायरीवर बसून रडला, बादलीत हात घालून. काकांनी मोटारीचा स्टिकर दिला, तो दप्तराला लावला, प्रश्न मिटला. स्टिकर तिसऱ्या दिवशी धुऊन गेला.

दप्तर बघताना मी काय बघते ते सांगते. कप्पे किती हे मोजू नका. पट्टा वरच्या बाजूला जिथं शिवलेला असतो तिथं आतून बोट घाला. नुसती एक टीप असेल तर दिवाळीपर्यंत पट्टा हातात येणार. तिथं चौकोन शिवून त्यात फुली मारलेली असावी, आणि आत कापडाचा दुसरा तुकडा घातलेला असावा. मग चेन. चेनचे दात प्लास्टिकचे चालतील, पण रनर ओढून चेन अर्ध्यावर थांबवा आणि दोन्ही बाजू फाकवून बघा, दात मागून उघडले तर दप्तर परत द्या. लोखंडी रनर आमच्या खाऱ्या हवेत गणपतीच्या आत गंजतो. त्यावर मेणबत्ती घासायची, दर पंधरा दिवसांनी. तेल लावू नका, वह्यांना लागतं.

दीड महिन्यानंतर तिन्ही दप्तरांचा हाल असा: मोठीचं नि धाकट्याचं, साडेसहाशेवाली, आतून कोरडी आहेत. शब्दशः कोरडी नाहीत, जुलैत आमच्याकडे मिठाचा डबाही कोरडा नसतो, पण वह्यांची पानं चिकटलेली नाहीत. पुतण्यानं हट्टानं खालच्या किमतीतलं, काळं, "कॉलेजसारखं दिसणारं" घेतलं. त्याची एका बाजूची शिवण उसवली, ती मी घरी शिवली. दोष काकांना देता येत नाही, बादलीच्या परीक्षेत ते नापास झालं होतं आणि काकांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. नववीतल्या मुलाला कोण सांगणार.

वह्यांचं थोडक्यात. गेल्या २२ सप्टेंबरपासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झालाय. वह्यांवर आधी १२ टक्के होता, खोडरबरावर ५. कंपासपेटीचा १२ वरून ५ वर आला. दप्तरावर मात्र १८ टक्के आहे तो आहेच. काकांकडे काही गठ्ठे जुन्या छापील किमतीचे होते, त्यांवर त्यांनी पेनानं स्वतःच नवी किंमत लिहून ठेवली होती. मी विचारायच्या आधी. हे मला विशेष वाटलं, कारण छापील किमतीवर बोट ठेवून उभं राहणारे दुकानदार काही कमी नाहीत.

वही घेताना एक पान नखानं ओढून बघा आणि जिभेवर बोट ओलं करून कोपऱ्याला लावा. कागद लगेच पलीकडे ओला दिसला तर जुलैत त्यावर शाई फुटणार. मोठी बॉलपेन वापरते तरी दमट कागदावर अक्षर पसरतं. आम्ही दुरेघी, चौकटीची नि एकरेघी मिळून तीन डझन घेतल्या. थोड्या जास्तच झाल्या. २०२३ साली बालभारतीच्या दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच नोंदी करायला कोरी पानं आली होती, तेव्हा वह्या कमी लागतील म्हणून मी हात आखडता घेतला आणि जुलैतच पुन्हा बाजारात जावं लागलं. त्या पानांवर आमच्याकडे नोंदी कमी आणि होड्या जास्त निघाल्या. गेल्या वर्षीपासून ती पानं गेली, होड्या वह्यांत आल्या.

खाकी कागदाचं कव्हर घालू नका. सुंदर दिसतं, शाळाही तेच मागतात, पण आमच्या हवेत ऑगस्टमध्ये त्यावर हिरवट बुरशी धरते आणि खळीच्या वासानं कसर येते. काकांकडे प्लास्टिकची तयार कव्हरं मिळतात, ती घालायची. बाईंना मी तसं जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या घरच्या वह्यांनाही तेच घातलंय."

आता पहिली कागाळी. काका जेवायला गेले की गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो, आणि दुकानाचा स्वभावच बदलतो. त्यानं मला सहावीचा "पूर्ण संच" दाखवला: सगळ्या विषयांची गाईडं, वर्कबुकं, नकाशावही, वर चकचकीत पिशवी. चौदाशे रुपये. मी म्हटलं, पाठ्यपुस्तकं तर आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत फुकट मिळतात, शाळा उघडली की हातात. तर म्हणतो, "ताई, पुस्तकं मिळतात हो, पण मार्क गाईडनं मिळतात." माझ्या शेजारी एक बाई उभी होती, कातकरवाडीतली, मुलीला पाचवीत घालत होती. तिनं ते ऐकलं आणि कनवटीच्या नोटा मोजायला लागली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, पुस्तकं घेऊ नकोस, शाळेत मिळतील, वह्या नि छत्री घे. मुलगा माझ्याकडे जे बघत राहिला ते बघत राहिला. काका आल्यावर मी त्यांच्या कानावर घातलं. ते काही बोलले नाहीत. नववीची पुस्तकं मात्र फुकट नसतात, ती मी विचारली, तर म्हणाले, "वरच्या वर्गातल्या कुणाची जुनी मिळतात का बघा आधी. नाही मिळाली तर आहेतच मी." शेजारच्या मुलीची मिळाली. समासात तिची बारीक पेन्सिलीची टिपणं आहेत, पुतण्या ती वाचतो. गाईडापेक्षा बरी आहेत.

दुसऱ्या खेपेला जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले. तोवर टॉवेल-टोपी जाऊन दुकानाच्या दर्शनी भागात दोरीला दप्तरं लटकली होती, एकाला दुसरं, माशांच्या माळेसारखी. एका कोपऱ्यात अधिक महिन्यातल्या जावयाच्या वाणाचं सामान होतं, चांदीचा मुलामा दिलेली निरांजनं वगैरे. माझ्या आईनं यांच्यासाठी शर्टपीस त्याच दुकानातून घेतला, तो माझ्याकडेच शिवायला आला. म्हणजे जावयाचं वाण आईचं, शिलाई लेकीची.

या खेपेला रेनकोट. इथं माझी आणि दुकानाची खरी वाजली.

रेनकोट कापडातून गळत नाही, तो शिवणीतून गळतो. सुई जिथं जिथं जाते तिथं भोक पडतं, आणि इंचाला आठ-दहा टाके म्हणजे खांद्यावर नुसती चाळण. म्हणून चांगल्या रेनकोटाला आतून सगळ्या शिवणींवर पारदर्शक पट्टी तापवून चिकटवलेली असते. ती पट्टी आहे का, आणि नखानं कोपरा उचलतोय का, एवढं बघायचं. मी तिन्हींचं बघितलं. पाठीवर दप्तरासाठी पोट काढलेले रेनकोट होते, दप्तरासकट पोरगं आत जातं आणि पाठीमागून कासव दिसतं. तेच घ्या, साधा घेतला तर दप्तर भिजतंच. धाकट्याचा ४५० रुपयांना, मोठ्या दोघांचे साडेपाचशेच्या घरात.

शाळेच्या तिसऱ्या दिवशी धाकटा साकवावरून परत आला तो डाव्या खांद्यापासून बनियनपर्यंत ओला. उलटून बघितलं, तर पट्टी होती, पण खांदा आणि टोपी जिथं जुळतात त्या वळणावर पट्टी चार बोटं कमी पडली होती. कामगारानं वळणावर कंटाळा केलेला. ती जागा टोपीच्या घडीखाली लपते, मला दुकानात दिसली नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला दिसली नाही, याचा राग मला रेनकोटापेक्षा जास्त आला.

घेऊन गेले परत. काका नव्हते. मुलानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: वापरलेला माल परत घेतला जाणार नाही. मी म्हटलं, रेनकोट न वापरता गळतोय हे कळणार कसं? तो म्हणाला, "बादली होती ना बाहेर." बादलीत दप्तर बघतात, रेनकोट घालून मी बादलीखाली बसायचं होतं का? दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. पाऊण तास गेला. शेवटी काका आले, रेनकोट उलटा केला, ती चार बोटं जागा बघितली आणि गप्पच झाले. मग माळ्यावरून त्याच मापाचे सगळे रेनकोट, असतील नऊ-दहा, खाली उतरवले आणि प्रत्येकाची ती जागा माझ्याकडून तपासून घेतली. चार सदोष निघाले. मला त्यातला चांगला दिला, ते चार बाजूला काढले. पैसे परत दिले नाहीत, बदलून दिला. पाटी अजून तिथंच आहे. एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस माझा गेला, तोही परत मिळाला नाही. एका शिवणीसाठी मी गुण कापते आणि नऊ रेनकोट उतरवले म्हणून अर्धे परत देते.

कुणाच्या रेनकोटाची शिवण अशी गळत असेल आणि दुकान लांब असेल तर: कोरडा करून आतून शिवणीवर मेणबत्ती घट्ट घासायची, वर जुना सुती रुमाल ठेवून इस्त्री लांबूनच, अगदी कोमट, फिरवायची. मेण भोकांत बसतं. महिनाभर चालतं, मग पुन्हा.

छत्र्यांबद्दल मात्र शंभरपैकी शंभर. तिघडी छत्री काकांनी मला दाखवलीच नाही. "समुद्रावरचा वारा आहे वहिनी, तिघडी एका सरीत उलटेल." लांब दांड्याच्या आठ काड्यांच्या काळ्या छत्र्या घेतल्या, २८० रुपयांना एक. आणि काका त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव टाकून देतात, फुकट. लहानपणी आमच्या वडिलांच्या छत्रीवर असायचं तसं. हल्ली कोण करतं? स्टुलावर छत्री उघडून, गुडघ्यात धरून, बारीक ब्रशनं, वळणदार. नावाखाली वाडी आणि गाव. मोठीला लाज वाटत होती, मैत्रिणी हसतील म्हणून. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती छत्री एसटीत विसरली. गाडी पुढं गुहागरला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीच्या वाहकानं आमच्या थांब्यावर खिडकीतून छत्री बाहेर काढली आणि वाडीचं नाव घेऊन ओरडला. मैत्रिणींपैकी दोघींनी पुढच्या रविवारी जाऊन आपापल्या छत्र्यांवर नावं घालून आणली.

सासूबाईंना छत्र्या वगैरे कौतुकाच्या वाटत नाहीत. त्या इरल्याखालून, पानांच्या पाठीवरच्या आडोशाखालून, शाळेत गेलेल्या. एका इरल्यात दोन बहिणी, आणि पाटी पोटाशी. "पाटीला काय होतंय पावसानं? उलट आपोआप पुसायची," म्हणतात.

एसटीवरून आठवलं. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट, पुतण्याला मुलगा म्हणून तिसरा हिस्सा भरावा लागतो. २०२४ पासून पास शाळेतच आणून द्यायला लागलेत, आगाराच्या रांगा वाचल्या. पण तो पास कागदाचा, आणि पोरं तो खिशात ठेवतात, आणि खिसा ओला. काकांच्या काउंटरवर गोळ्यांच्या बरण्यांशेजारी दोरीसकट जाड प्लास्टिकची पाकिटं असतात, दहा रुपयांना एक. एवढ्या सगळ्या खरेदीत पैसे वसूल झालेली वस्तू तीच. दोन जास्तीची घ्या.

दुसरी कागाळी बुटांची. ही गेल्या वर्षीची, पण यंदाही दुकानात तोच प्रकार बघितला. जूनमध्ये काळे बूट-मोजे विकायला दर्शनी ठेवतात आणि पालक घेतात. कशाला? आमच्याकडच्या शाळा पावसाळ्यात चपला-सँडल चालवून घेतात. गेल्या वर्षी मी जूनमध्ये घेतलेले बूट पिशवीत राहिले, गणपतीनंतर काढले तर आतून पांढरी बुरशी आणि पोराचा पाय अर्धा इंच पुढं. बूट नवरात्रात घ्या. गमबूटही नको, एकदा वरून पाणी शिरलं की ते शाळा सुटेपर्यंत आत डबडब करतं. भोकांचे प्लास्टिकचे सँडल घ्यायचे, पाणी येतं तसं जातं. एवढं करूनही बोटांमध्ये चिखल्या होतातच. रात्री पाय पुसून कोरडे करायचे आणि मेंदी लावायची. धाकट्याची पावलं सध्या नवरीसारखी दिसतात.

गणवेश. धाकट्याला शाळेतून मिळतो, मोठ्या दोघांचे मी शिवते, त्यामुळे दुकानातून फक्त कापड. कापड चांगलं आहे, पन्हा सांगतात तेवढा भरतो, आणि टेरीकॉट मागितलं तर टेरीकॉटच देतात. सुती कापड गणवेशाला इथं घेऊ नका, आषाढात वाळत नाही. आमच्याकडे गणवेश वलणीवरून थेट चुलीवरच्या काठीवर जातो, आणि सोमवारी सगळा वर्ग एकसारखा धुराचा वास येत बसतो. दोन जोड्यांत भागत नाही, तीन लागतात. तयार गणवेश मी उलटून बघितले. टीप सरळ आहे, काजं बरी आहेत, पण आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, अजिबात नाही. पाव इंच. ती उसवून वाढवायची कशी? मी पुतण्याच्या पँटला खाली तीन इंच दुमडून ठेवलंय आणि कंबरेला दीड इंच माया. त्याला ते जाड लागतं म्हणून कुरकुरतो. दिवाळीत उसवून दाखवीन.

डबे-बाटल्या तिथं घेऊ नका, महाग आहेत. धाकट्याला शाळेतच पोषण आहार असतो, त्याला खाऊचा लहान डबा पुरतो. मोठ्यांचे स्टीलचे मागचेच चालू आहेत.

दोन्ही खेपा मिळून बिल ५,३७० झालं. रेनकोटाचं प्रकरण तोवर व्हायचं होतं, म्हणून घासाघीस गोडीगुलाबीनं झाली. काकांनी ५,३५० घेतले आणि वीस रुपये सुटे नाहीत म्हणून चार खोडरबर दिले. घरी येऊन हिशेब केला तर वीस रुपये त्यांनी आधीच कमी केले होते. म्हणजे खोडरबर वर. चारही हरवलेत.

जाणार असाल तर सकाळी जा, म्हणजे काका भेटतील. दीड ते चार दुकान बंद. शटर अर्धं उघडं असतं, पण वाजवू नका. आत कापडाच्या ठाणांवर ते झोपलेले असतात. मी एकदा वाजवलं होतं. सासूबाईंनी मला अख्ख्या बाजारपेठेसमोर झापलं, आणि काका आतून झोपेतच म्हणाले, "बादली बाहेर आहे, ओतून बघा तोवर."